सत्यवतीचं गरम पाणी

सत्यवती माझ्या नाटे गावातल्या दवाखान्यात नर्स आहे आणि मी तिच्यावर जळते. डॉक्टरीणबाईंनी असं बोलू नये, पण आहे ते आहे.

वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी मी सात वर्षं ब्लॉग लिहितेय, तळटिपांसकट. वाचक अकरा, त्यातला एक माझा नवरा. पिकतं तिथं विकत नाही, अशी मी मनाची समजूत घालायची. सत्यवतीचं मात्र जेट्टीवरच विकलं गेलं. खलाशाची मुलगी ही. दुपारी मासे उतरत असताना मोबाइल टोपलीला टेकवते आणि कोळ्यांच्या दुखण्याखुपण्यावर बोलत सुटते. हजारो लोक बघतात. रत्नागिरीच्या नर्सिंगच्या मुली तिचे व्हिडिओ बघून परीक्षेला बसतात. त्यातली एक तर माझ्याच दारात मला विचारते, "सत्यवती मॅडम आहेत का?"

नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडल्या, तेव्हा तिने पाकटाच्या काट्यावर व्हिडिओ केला. हा मासा शेपटीचा विषारी काटा पायात मारतो आणि आमच्याकडे त्यावर चुना थापतात. "चुना नको. कढत पाण्यात पाय बुडवा," ती म्हणाली. उपाय बरोबर होता. फक्त त्या पाण्यात आधी दुसऱ्याने हात घालून बघायचा, हे सांगायचं राहिलं. ठणकणाऱ्या पायाला चटका कळत नाही. मला चूक लगेच दिसली आणि, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. म्हटलं, होऊ दे फजिती.

आठ दिवसांनी रावजी तांडेल लंगडत आला. काट्याची जखम बारीक होती, पण घोट्यापर्यंत फोड आले होते.

"बाईंनी मोबाइलात सांगितला तसाच केला," तो म्हणाला. "पाणी कडकडीत होता, पण मेला कळलाच नाय."

सत्यवतीने खाली मान घालून त्याचा पाय बांधला. संध्याकाळी जेट्टीवर जाऊन तिने नवा व्हिडिओ केला. "रावजीकाकांचा पाय माझ्या चुकीने भाजला," असं सरळ सांगितलं आणि पाणी कसं तपासायचं ते दाखवलं. तो व्हिडिओ आधीच्यापेक्षा दुप्पट लोकांनी बघितला. मी आकडा दोनदा बघितला.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग करता करता ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही माझे व्हिडिओ बघत असतात, तर तेव्हाच मला सांगितलं असतंत."

"वेळ कुठे मिळतो गं," मी म्हटलं.

तिने मान डोलावली आणि रावजीचा पाय पुन्हा मांडीवर घेतला.