ड्यूगल्डच्या तोंडची नावं

सुप्रभा मूळची वर्ध्याकडची. एडिनबराच्या हॉस्पिटलमध्ये नर्स म्हणून आली, पाय मोडून वॉर्डात पडलेल्या ड्यूगल्ड नावाच्या मेंढपाळाशी लग्न केलं, आणि उत्तरेकडच्या डोंगरात त्याच्या शेतावर राहायला गेली. त्याला चाळीसेक वर्षं झाली. मूलबाळ नाही. आसपासची घरं एकेक करून सुट्टीतल्या पाहुण्यांसाठी विकली गेली. तिथल्या माळांची, ओढ्यांची जुनी, गेलिक भाषेतली नावं तोंडात असलेला ड्यूगल्ड एकटाच उरला.

ही नावं नोंदवायला मागच्या वर्षी युनिव्हर्सिटीतून एक मुलगी आली. लंडनच्या एजवेअरला वाढलेली, मराठी घरातली उर्वी. पण तिला यायला उशीर झाला होता. नुकताच ड्यूगल्डला स्ट्रोक येऊन त्याची वाचा गेली होती. त्याला सगळं कळायचं, बोलता मात्र काही यायचं नाही. बायकोला हाकसुद्धा मारता यायची नाही.

"मावशी, मग आता ही नावं कोण सांगणार?" उर्वी रडवेली झाली.

सुप्रभानेच वाट काढली. जुन्या नकाशांत एकेका नावाची स्पेलिंगं वेगवेगळी होती. ती उर्वीने मोठ्याने वाचायची. चुकलं तर ड्यूगल्ड मान हलवणार, बरोबर असेल तर डोळे मिटणार.

"दालबेग?" मान हलली.

"दालवेक?" डोळे मिटले. नदीकाठचं लहानसं सपाट रान.

लग्नानंतर हे नाव पहिल्यांदा ऐकून सुप्रभाने विचारलं होतं, "तुमच्याकडे डाळ पिकते?" तेच त्यालाही आठवलं असावं. त्याच्या ओठांची एकच बाजू हसली. सुप्रभा चहाचं निमित्त करून आत गेली आणि सिंकपाशी तोंडात पदर कोंबावा तसा टॉवेल कोंबून रडली.

दर शनिवारी असं चाललं. शेवटी घरामागच्या चढावरचं वावर तेवढं राहिलं. एका कागदात त्याचं नाव 'अखनाहार्ड' होतं, म्हणजे उंचावरचं शेत. दुसऱ्यात 'अखवार्ड', म्हणजे शाहिराचं शेत. ड्यूगल्ड दमला होता. "उद्या विचारू गं," सुप्रभा म्हणाली.

सकाळी त्याला दुसरा स्ट्रोक आला. अँब्युलन्स घाट चढून येईपर्यंत तो गेला होता.

अंत्यविधीनंतर काही दिवसांनी उर्वी पुन्हा आली. चाचरतच तिने विचारलं, "मावशी, तुम्ही इतकी वर्षं इथे आहात. ड्यूगल्डकाका त्या शेताला काय म्हणायचे?"

सुप्रभा खिडकीतून चढाकडे बघत राहिली.

"मला ती नावं म्हणताच यायची नाहीत. मी आपलं 'वरचं वावर' म्हणायचे. मग तोही तेच म्हणायला लागला. टोपी घालायचा आणि म्हणायचा, 'सुप्रभा, आय'म अवे अप टू वर्च वावर.' माझ्यासाठी म्हणायचा गं. खरं नाव त्याने माझ्यासमोर कधी घेतलंच नाही."

उर्वीने रेकॉर्डर बंद केला. "मी 'वरचं वावर' लिहू का? ते पण नावच आहे ना?"

"नको," सुप्रभा म्हणाली. "ते मला कुणाच्याच तोंडून ऐकायचं नाही आता."

पुढे नोंदी छापल्या गेल्या. त्या वावरापुढे दोन्ही स्पेलिंगं आहेत, आणि उच्चाराच्या जागी लिहिलंय: माहीत नाही.