आमच्या पडवीतलं विमान

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. लॅपटॉपच्या पंख्यात धूळ बसते तसे ते बसतात. रोज थोडे थोडे, कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि एक दिवस उघडून बघावं तर आत धुळीची गोधडी! मी नववीतच शाळा सोडली, लिहायची सवय नाही. पण मुरुडला आमच्या पडवीत एका लॅपटॉपभोवती जे जे झालं, ते सगळं माझ्यासमोर झालं.

लॅपटॉप माझ्या दादाचा. मंगेशदादाचा. गेमिंगचा होता. खेळायला आम्ही चौघं: दादा, मी, शेजारचा अल्ताफ आणि मासेमारीच्या होडीवर जाणारा निलेश. आता तिघंच. गेल्या पावसाळ्यात दादा बाईकवरून पडला आणि गेला. त्याबद्दल मला लिहिता येत नाही. लॅपटॉपबद्दल येतं.

* * *

दादा टमटम चालवायचा. एका टुरिस्ट पोराकडून त्यानं हा लॅपटॉप जुना घेतला. पहिल्याच संध्याकाळी समुद्रातल्या होड्यांचा गेम लावला आणि दोन मिनिटांत पंखा असा किंचाळायला लागला की आई हातात पळी घेऊन अंगणात आली आणि आभाळाकडे बघत राहिली.

"एवढं खाली कसं आलं रं विमान?"

"आई, विमान पडवीत हाय!" दादा म्हणाला.

तेव्हापासून भात वाढला की स्वयंपाकघरातून एकच हाक यायची, "मंग्या, विमान उतरव!" पंख्याचा आवाज आला की दादा घरात आहे, हे तिला न उठता कळायचं.

* * *

दादा लॅपटॉप गादीवर ठेवून खेळायचा. खालची भोकं गादीनं बुजायची आणि वर कीबोर्डवर बोट ठेववत नसे. मग अल्ताफनं सांगितलं, "भाई, याला खालून हवा पायजे."

आमच्याकडे नारळाला काय तोटा! दादानं चार करवंट्या पालथ्या घातल्या आणि त्यांवर लॅपटॉप ठेवला. खरंच फरक पडला. एकदा टमटममधली मुंबईची बाई पाणी प्यायला पडवीत आली, ते बघून खूश झाली. "किती छान! हँडमेड स्टँड का? कुठे मिळतो?"

दादा म्हणाला, "मिळतो ना. आधी खोबरं खायला लागतं!"

* * *

मे महिन्यात करवंट्यासुद्धा हरल्या. निलेश म्हणाला, "अरे, बोंबील टिकतो, मग हा का न्हाय टिकणार?" आणि होडीवरची बर्फाची पेटी उचलून घेऊन आला. झाकणावर लॅपटॉप ठेवला. झाकणाला चीर होती, तिच्यातून गारवा थेट वर.

पहिला अर्धा तास स्वर्ग! पंखा गप्प. मग दादानं लॅपटॉप उचलला तर खालून टपटप पाणी! बर्फाच्या गारव्यानं बाहेरच्या दमट हवेचं पाणी झालं होतं, ते आतसुद्धा गेलं. स्क्रीन काळी.

दादानं बॅटरी काढून तो बोंबलाच्या शेजारी उन्हात वाळत घातला. मांजर येऊन वास घेऊन गेलं.

"पण थंड झाला का न्हाय?" निलेशनं विचारलं.

"झाला. आमचा आजा पण असाच थंड झाला होता," दादा म्हणाला. "पुन्हा उठला न्हाय!"

लॅपटॉप मात्र उठला. त्या वेळी दादानं तो स्वतः उघडून पुसला आणि बंद केला. एक स्क्रू हरवला, तिथं त्यानं काळी टेप लावली. त्या टेपवर त्याच्या अंगठ्याचा ठसा आहे. म्हणजे होता. म्हणजे आहे.

* * *

दादा गेल्यावर आम्ही बरेच दिवस लॅपटॉप लावला नाही. लावला तेव्हा पंखा पूर्वीसारखाच किंचाळला. आम्ही तिघं स्वयंपाकघराकडे बघत बसलो. हाक आली नाही. नंतरही कधी आली नाही.

त्यात लॅपटॉप आता खेळता खेळता तापून बंद पडायला लागला. अल्ताफनं गेमची सगळी सेटिंग कमी केली, म्हणजे मशीनवर ताण कमी. ताण कमी झाला, पण गेममधला समुद्र गुळगुळीत ताडपत्रीसारखा दिसायला लागला.

निलेश रागावून उठला. "असल्या पाण्यात मी होडी घालणार न्हाय!"

* * *

माझं डोकं लवकर फिरतं. एका दुपारी लॅपटॉप तिसऱ्यांदा बंद पडला तसा मी उचलला आणि थेट पंक्चरवाल्याकडे नेला. म्हटलं, कॉम्प्रेसरनं धूळ उडवून टाक.

त्यानं नळी हातात घेतली, लॅपटॉप उलटासुलटा केला. "हवा भरायचा वॉल कुठाय याला?"

"वॉल नाय. नुसती मार हवा."

हवा मारली तशी आतला पंखा भिंगरीसारखा फिरला, चरचर वाजला. मी ओरडून थांबवलं. घरी आणला तर आवाज दुप्पट!

आता तो टिकणार नाही, हे मलाही कळलं. अलिबागला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो. त्यानं हात लावून बघितला. "आतली गरमी ओढणारी पेस्ट सुकली असेल. धूळ पण आहे. उघडावा लागेल. नाहीतर बोर्ड जाईल."

स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्यानं पहिलं नख घातलं ते टेपखाली. मी लॅपटॉप हिसकावला आणि धावत जाऊन एसटीत बसलो.

आईनं सगळं ऐकून घेतलं. "तापल्या पोराला डॉक्टरच्या हातातून उचलून आणलास?"

"दादानं बंद केलाय तो."

ती मासे साफ करत राहिली. मग म्हणाली, "मंग्यानं पण उघडलाच होता ना?"

* * *

रविवारी सकाळी पडवीत चटई घातली. अल्ताफनं मोबाईलवर व्हिडिओ लावला, निलेशनं स्क्रू एका वाटीत धरले. टेप मी काढली, ती तशीच्या तशी काचेवर चिकटवून ठेवली. आत खरंच गोधडी होती. ब्रशनं धूळ काढली. सुकलेली पेस्ट पुसून नवी लावायची होती. अल्ताफ म्हणाला, "भाताच्या शितापेक्षा जास्त नको." निलेशचं म्हणणं, "लाव रे, लग्नघरी हळद अशी मोजतात काय!"

मी शिताएवढीच लावली. झाकण बसवलं, टेप जागेवर चिकटवली, करवंट्यांवर ठेवून गेम लावला. सगळी सेटिंग वर. समुद्र पुन्हा समुद्र झाला. निलेशनं होडी घातली.

आवाज नाही. कान लावला तरच जरा सूं.

आई दारात येऊन उभी राहिली. "बंद पडला काय?"

"नाय आई. चालू हाय. थंड झालाय."

तिनं वाकून कीबोर्डवर तळहात ठेवला, आम्हाला लहानपणी ताप बघायला ठेवायची तसा. थोडा वेळ तसाच ठेवला. मग पदराला हात पुसून आत गेली.

आम्ही खेळत बसलो. आतून भांड्यांचा आवाज आला आणि मग हाक आली,

"विमान उतरवा रं!"

आम्ही तिघं जागच्या जागी थांबलो. अल्ताफनं कसंबसं हसून विचारलं, "चाची, आता आवाज कुठंय त्याचा?"

"तुला न्हाय येत," आई आतून म्हणाली. "मला येतो. चला, भात निवतोय."