मास्तरांच्या कोंबड्यांचा एक पंख

गल्लीतल्या शिंपी मास्तरांना एकच दुखणं होतं, मापाचं. डावी बाही उजवीपेक्षा दोराभर जरी लांब वाटली तरी घास घशाखाली उतरत नसे. एखाद्याचा खांदाच मुळात उतरता असला, तर मास्तर त्या गिऱ्हाइकावर चिडत.

अशा माणसानं हौसेनं लेगहॉर्न कोंबड्या पाळल्या. पांढऱ्याशुभ्र, सडपातळ, लालभडक तुरा एका डोळ्यावर कलंडलेला. नट्टापट्टा करून कुठंतरी निघाल्यासारख्या. खाणं बेताचं आणि अंडं जवळजवळ रोज, तेही पांढरं. फक्त खुडूक बसून अंडी उबवायची म्हटलं, की बाईसाहेबांना सवड नाही! ती अंडी मास्तरांच्या बायकोच्या जुन्या गावरान कोंबडीखाली ठेवावी लागत. ती बिचारी परक्यांची पोरं आपली समजून वाढवी. मास्तरांचा मात्र जीव या नखरेल बायांवर. दुपारी मशीन थांबवून ते त्यांच्याशी जेवढं बोलत, तेवढं बायकोशी उभ्या जन्मात बोलले नसतील.

पण या जातीचं अंग हलकं आणि स्वभाव भित्रा. घरात भांडं पडलं, की सगळ्या भुर्रकन भिंतीपलीकडे, लाँड्रीवाल्यानं वाळत घातलेल्या चादरींवर. तिथं काय करून येत, ते सांगायला नकोच.

"आता बास," बायकोनं जाहीर केलं. "रविवारी माझा भाऊ येतोय. तोवर एक जरी पलीकडे गेलेली दिसली, तर सगळ्या त्याच्याबरोबर जातील."

भाऊ कोंबड्या पाळत नसे. खात असे.

मास्तरांचं धाबं दणाणलं. लाँड्रीवाल्यानंच भिंतीवरून तोडगा सांगितला, "मास्तर, एका पंखाची लांब पिसं कापा. तोल जातो, उडता येत नाही. दुखत नाही हो, नखं कापल्यासारखंच."

मास्तरांनी टेप काढली, खडूनं खुणा केल्या आणि दोन्ही पंख कापले. अगदी सारखे, बोटभरच. कोंबड्या मोठ्या डौलात उडाल्या आणि चादरींवर उतरल्या. नशीब, बायको बाजारात गेली होती.

"दोन्ही कशाला कापले?" लाँड्रीवाल्यानं कपाळावर हात मारला.

"एक बाही लांब, एक आखूड? माझ्या हातून?"

"कोंबडी काय तक्रार घेऊन दुकानात येणारे?"

तरी मास्तरांचा हात काही उचलेना. रविवार उजाडला. मेहुणा आला तो रिकामी टोपली घेऊनच.

"दाजी, वजनाला कशा आहेत हो?"

मास्तर कात्री घेऊन परसात गेले. डोळे मिटून एकेकीचा डावा पंख पार आखूड करून घामाघूम झाले. तेवढ्यात मागच्या दारात आलेल्या मेहुण्याच्या हातून टोपली धाडकन पडली. कोंबड्या उडाल्या, कमरेइतक्या वर गेल्या, डावीकडे कलल्या, गिरकी घेतली आणि धपाधप परसातच बसल्या.

मेहुणा हसून हसून खाली बसला. "अगं ताई, हे वाकडंतिकडं कापलंय तरी कुणी?"

"तुझ्या ताईनं," मास्तर पटकन बोलून गेले.

बायकोनं मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी कात्री पाठीमागे लपवली होती.

"हो, मीच कापलेत," ती म्हणाली. "तू टोपलीत अंडी घेऊन जा."