धोंड्याचा महिना धरायचा की नाही

माझं पहिलं बाळंतपण लढाईच्या दिवसांतलं. नवरा पलटणीत, मी तासगावजवळ सासरी, आणि आई आटपाडीकडच्या माळावर, बैलगाडीनं दोन दिवसांच्या वाटेवर. वय सतरा. मला शंभरापर्यंत आकडे येत होते, पण नऊपर्यंत मोजताना माझी अशी भंबेरी उडाली की अजूनही कुणी गर्भारशीला "कितवा गं?" म्हणून विचारलं की मलाच घाम फुटतो.

घोळ घातला तो धोंड्याच्या महिन्यानं. तीन वर्षांनी एकदा येणारा हा जादाचा महिना. त्यात लग्न नाही, वास्तुशांत नाही, नवं काही करायचं नाही. फक्त जावयाला बोलावून अनरसे खाऊ घालायचे. त्या वर्षी ज्येष्ठ दोनदा आला, त्यातला पहिला धोंड्याचा. जावई तर रजा संपवून वैशाखातच परत गेलेला. तरी आईनं त्याच्या नावानं तेहतीस अनरसे धाडले. सासूबाई म्हणाल्या, "त्यो न्हाई तर त्याच्या बायकूनं खावं." मी हावरी. बसल्या बैठकीला सात खाल्ले आणि सातही परसात जाऊन ओकले. वैशाखात पाळी आली नव्हती, ती मी उन्हावर ढकलली होती. सासूबाईंनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि ताट उचलून फडताळात ठेवलं. मला दिवस गेल्याची बातमी अशी अनरशांनी सांगितली.

पुढं येरळा नदीच्या काठावर धुणं धुवायला आम्ही तिघीजणी पोटुशा असायचो. एक शेजारीण, तिसऱ्या खेपेची, तोंडानं फटकळ. दुसरी जैन दुकानदाराची सून, दुसऱ्या खेपेची, मऊ बोलायची. आणि मी, कोरी पाटी. दोघी मला शिकवायच्या आणि दोघींचं एकही शिकवणं जुळायचं नाही.

"तूप खात जा, वाट मोकळी व्हती," शेजारीण म्हणायची.

"नगं गं बाई," दुसरी म्हणायची, "तुपानं प्वार दांडगं हुतंय, मग अडतंय."

एक म्हणे डाव्या कुशीवर नीज, दुसरी म्हणे बसून दळ, कुशीचं काय घेऊन बसलीस. घशाशी जळजळलं तर एकीचं भाजलेलं जिरं, दुसरीचं थंड दूध. मी घरी जाऊन दोन्ही करायचे, म्हणजे तूप एक दिवसाआड खायचे आणि जिरं खाऊन वर दूध प्यायचे. त्यानं काय व्हायचं ते व्हायचंच.

पण खरी लढाई धोंड्यावरून. आमच्याकडं रीत अशी की पहिलटकरणीला सातव्यात माहेरी न्यायचं. आठवा लागला की तिनं गावची शीव ओलांडायची नाही. आठव्यातलं हललं तर जगत नाही म्हणतात. भाऊ मला न्यायला भाऊबीजेला येणार होता, म्हणजे कार्तिकात. वैशाखापासून धोंडा धरून मोजलं तर कार्तिक आठवा. धोंडा सोडून मोजलं तर सातवा.

"आमचं मामंजी अधिक महिना धरतच न्हाईत," जैनाची सून म्हणाली. "त्यात लगीन न्हाई, काय न्हाई, मग त्ये दिवस तरी कुठलं धरायचं?"

शेजारणीनं हातातलं लुगडं दगडावर आपटलं. "पोटातल्याला पंचांग वाचाया येतंय व्हय गं?"

मी ऐकून घेतलं आणि माझ्या सोयीचं पदरात बांधलं: धोंडा धरायचा नाही. मला माहेरी जायचंच होतं. नुसती हौस नव्हती, भीती होती. त्याच पावसाळ्यात आमच्या गल्लीतली एक बाळंतीण गेली. दोष सुईणीचा की नशिबाचा, मला ठाऊक नाही, पण ती सुईण दारावरून गेली तरी मी आत जाऊन दडायचे. माझी आई गावातल्या बायांची सुटका करायची. माझी करायला तीच हवी होती, दुसरं कुणी नको. तिच्या हाताखाली मी जगेन आणि बाकी कुणाच्या हाताखाली मरेन, असं मी पक्कं धरलं होतं.

रोज मनात मोजायचे. सातवा, सातवा. मध्येच सात अनरसे आठवायचे आणि मोजणी मोडायची. धोंडा जर धरायचा नाही, तर धोंड्यात मी ओकले ती कशानं? मग पुन्हा वैशाखापासून. भाकरी थापताना बोटं मोजायचे आणि भाकरी करपायची.

भाऊबीजेला भाऊ गाडी घेऊन आला. गाडीत कडबा पसरून वर वाकळ घातलेली. मी ओवाळलं, तो जेवला आणि सासूबाईंना म्हणाला, "आवं मावशी, सातवा हाय न्हवं? मग उद्या पहाटं निघतो."

"सातवाच हाय," मी घाईनं म्हणाले. सासूबाईंसमोर असं मध्ये बोलायची माझी ती पहिली वेळ.

सासूबाई सुपारी कातरत होत्या. "कुणी सातवा म्हनतंय, कुणी आठवा. संशयाच्या महिन्यात म्या पोरीला शिवंबाहेर धाडायची न्हाई." बस्स. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मला इतका राग आला की रडूसुद्धा येईना. या बाईला माझं बरंच बघवत नाही, असं मी ठरवून टाकलं.

सकाळी भाऊ रिकामी गाडी जुंपताना म्हणाला, "मग आईलाच आणतो हिकडं. नववा लागला की. सातवा हाय म्हंजी पौषात आणू न्हवं?"

पौषात! माझ्याच सातव्यानं माझी आई महिनाभर लांब ढकलली होती. आठवा म्हणावं तर सासूबाई दारात उभ्या आणि काल मी खोटं बोलले हे उघड. सातवा म्हणावं तर ती सुईण. मी जोखडाची दोरी उगाच सोडायला लागले. भाऊ म्हणाला, "बोल की गं."

"आईला सांग," मी म्हणाले, "अनरसं धरून मोज म्हनावं."

भावाला काही कळलं नाही. मागनं सासूबाई म्हणाल्या, "तसंच सांग. सात खाल्लं आन् सात वकली, धोंड्यात." त्यांनी महिना पहिल्यापासून बरोबर धरला होता. मग काल मला सरळ खोटी का पाडली नाही, हे मी त्यांना विचारलं नाही, आणि नंतर कधी धीर झाला नाही.

मार्गशीर्ष लागल्याच्या तिसऱ्या दिवशी आई आली, पण घरात उतरली नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी आईनं घ्यायचं नाही, ही रीत तिनं पाळली. गोठ्याशेजारी तीन दगडांची चूल मांडली. पीठ, मीठ, चटणी, सरपणसुद्धा आटपाडीकडनं आणलेलं. पाणीही आमच्या आडाचं नाही, स्वतः येरळेवरनं भरायची, कारण नदी कुणाच्या घरची नसते. दिवसभर माझे पाय चेपायची, पोटावरनं हात फिरवून बाळाचं डोकं बघायची आणि जेवायच्या वेळी उठून गोठ्याकडं जायची. मी घरात भात-आमटी खायचे आणि ती तिकडं कोरडी भाकरी. कुणावर चिडायचं तेच कळेना: रितीवर, आईवर की स्वतःवर?

तिचं पीठ सरत आलं. पंधरा दिवसांचंच आणलं होतं. मग ती एकदाच जेवायला लागली. सासूबाई रोज दुपारी दारात येऊन उभ्या राहायच्या आणि "ईनबाई, पीठ हाय का?" विचारायच्या. आई म्हणायची, "रग्गड हाय की."

बाविसाव्या दिवशी, सकाळी, माझी सुटका झाली. आईच्या हातांत. मुलगी. कळा कशा होत्या ते आता आठवत नाही. आईचं "आता, आता गं माझे बाय" एवढं आठवतं.

आईनं नाळ कापली, बाळाला पुसलं, माझ्या कुशीत दिलं आणि भिंतीला टेकून बसली. गालांची हाडं वर आलेली. तेवढ्यात सासूबाई तांब्या घेऊन आल्या आणि तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"घ्या ईनबाई. आता आमच्या घरचं चालतंय तुमास्नी."

आईनं तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात रिकामा केला. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "लय ग्वाड पानी हाय वं तुमच्या घरचं."

सासूबाईंनी ते पहाटे येरळेवरनंच भरून आणलं होतं.