बशीतलं बेट

चाकणच्या चौकात कंपनीच्या बसची वाट बघताना मी ज्या टपरीवर चहा घेतो, तिथं प्लॉट विकणारा एक एजंट रोज बसलेला असायचा. नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला तो नकाशा दाखवत नसे. बशीत चहा ओतायचा, मधोमध बिस्कीट ठेवायचा आणि म्हणायचा, "हे इवो जिमा."

मग दुसरं महायुद्ध सुरू व्हायचं. "इकडं जपान, तिकडं अमेरिकेच्या विमानांचा तळ. मधी हे बेट. प्यायला पाणी न्हाई, नुसता गंधकाचा वास. तरी हजारो माणसं मेली. कशापायी? धावपट्टीपायी! मार खाल्लेलं विमान परत येताना उतरणार कुठं?" इथं तो थांबायचा. "आपल्या माळावर बी पाणी न्हाई. पण विमानतळ येतोय."

एव्हाना बिस्किटाचा लगदा झालेला असायचा. तो चमच्यानं खायचा.

विमानतळ दुसऱ्या तालुक्यात गेला. गिऱ्हाइकं यायची बंद झाली, हा येतच राहिला. त्याच माळावर त्यानं स्वतःचं घर बांधलंय आणि पाण्याला टँकर मागवतो, असं टपरीवाल्यानं सांगितलं.

परवा मीच विचारलं, "भाऊ, लढाई संपल्यावर त्या बेटाचं काय झालं?"

त्यानं बशी जरा फिरवली.

"मी बघितला त्या व्हिडिओत तेवढं न्हाई," तो म्हणाला. "पण जिंकलेले आपापल्या घरी गेले असतील. त्यांचं घर तिथं नव्हतं ना."