झेलण्याचे साठ तास

कॉलेजात तिला सगळे झेलबाई म्हणत, तोंडावरसुद्धा. खेळाचे शिक्षक व्हायला आलेल्या पोरापोरींना ती एकतीस वर्षं एकच गोष्ट शिकवत आली होती. उडी मारणाऱ्या मुलाजवळ कसं उभं राहायचं, हात कुठे धरायचे, तोल गेला की जमिनीच्या आधी त्याला कसं गाठायचं. साठ तास. त्यात नापास होणाऱ्याला ती शाळेच्या मैदानावर पाठवत नसे, मग तो लेखी परीक्षेत पहिला का येईना.

आणि आता पदवीच्या नव्या अभ्यासक्रमात त्या साठ तासांसमोर शून्य होतं. त्याऐवजी काय, तर 'सुरक्षितता: संकल्पना आणि दृष्टिकोन'. घरबसल्या व्हिडिओ बघायचे.

झेलबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या भाचीचा खांदा शाळेत, दुसऱ्या कॉलेजातून झेलणं न शिकताच आलेल्या एका पदवीधरापुढे मोडला होता. पोरगी लाकडी घोड्यावरून उडी मारताना घसरली आणि हा पठ्ठ्या हाताची घडी घालून बघत राहिला. भाचीला आजही त्या हाताने वेणी घालता येत नाही. "संकल्पना सगळ्या पाठ असतील मेल्याला," झेलबाई म्हणायची.

अभ्यासक्रम समितीच्या बैठकीला पाच विद्वान होते. एकाच्याही बुटाला मैदानाची माती लागलेली नव्हती.

"बाई, तुमच्या भावना समजतात," अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले. "पण झेलणं काय शिकवायचं? ते माणसाला आपोआप जमतं."

"जमतं का? बघू या."

अठ्ठावन्न वर्षांची झेलबाई गुडघा धरत खुर्चीवरून टेबलावर चढली. त्यांच्याकडे पाठ केली, टाचा कडेला नेल्या आणि सरळ मागे झुकली.

पाचही जण खुर्च्यांसकट मागे सरकले. एकाने तेवढ्यात आपला लॅपटॉप वाचवला. चहा घेऊन आलेल्या शिपायाने मात्र ट्रे सोडून दिला आणि धावत येऊन तळवे लावले, एक तिच्या कमरेला, एक पाठीला. मग तिला अलगद सरळ उभं केलं.

"खिडकीतून बाईंचे तास बघतो ना, वीस वर्षं झाली," तो ओशाळून म्हणाला आणि फुटलेले कप वेचायला बसला.

"यांच्याकडे पदवी नाही," झेलबाई म्हणाली. "पदव्या तुम्ही वाटता."

अध्यक्षांनी घसा खाकरला, शून्य खोडलं, तिथे तीस लिहिलं. "झालं ना मनासारखं? आता खाली या, बाई."

झेलबाई उतरली नाही. तिने पुन्हा त्यांच्याकडे पाठ केली, टाचा कडेला नेल्या आणि शिपायाला म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर थांबा."