पाय धुतलेली सायकल

आमच्या सासऱ्यांना बैलातलं जेवढं कळायचं, तेवढं अख्ख्या जिल्ह्यात कुणाला कळत नव्हतं, असं निदान ते स्वतः सांगायचे. कुणाला आंधळगावच्या बाजारात जोडी घ्यायची असली की तो माणूस आधी आमच्या अंगणात येऊन बसायचा, चहा प्यायचा आणि त्यांना सोबत घेऊन जायचा. ते जनावराचे दात पाहत, खूर पाहत, कपाळावरचा भोवरा पाहत आणि मग असा उसासा टाकत की विकणाऱ्याचा चेहराच उतरायचा. त्यामुळे माझ्यासाठी जुनी सायकल घ्यायचं ठरलं तेव्हा ती कोण निवडणार, हा प्रश्न निघालाच नाही. सायकल त्यांना चालवता येत नव्हती हे खरं. पण बैलावर तरी ते कुठे बसत होते?

सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि शिक्षिकेच्या नोकरीची ऑर्डर हातात आली होती. शाळेचं गाव लांब, एसटी तिकडे जात नव्हती, वाट सगळी धानाच्या बांध्यांमधली, म्हणजे भातखाचरांमधली. नवरा तुमसरला राइस मिलमध्ये, आठवड्यातून एकदा घरी येणार. शाळेच्या गावी खोली करून मी एकटीने राहावं, हे सासूबाईंना चालणार नव्हतं. सायकल तर त्याहून चालणार नव्हती.

"सून सायकलवर बसन त लोकं काय म्हनतीन?" त्या म्हणाल्या.

"बैलबंडीवर बसते तवा काय म्हनते?" सासऱ्यांनी विचारलं.

शेवटी तोड निघाली ती बैलबाजाराच्या रीतीची. आमच्याकडे घेतलेल्या जनावरात पुढच्या बाजारापर्यंत खोड निघाली, तर विकणाऱ्याने ते परत घ्यायचं असतं. सासूबाईंनी तीच बोली लावली. पुढच्या बाजारापर्यंत मी सायकल शिकले तर ठीक, नाहीतर सायकलही वापस आणि नोकरीचा कागदही वापस. सासऱ्यांनी शब्द दिला. मी मान हलवली, दुसरं करणार काय? पण ती नोकरी मला हवी होती. भंडाऱ्याला मामाच्या घरी राहून, त्यांची धुणीभांडी करून मी शिकले होते, ते काही कागद पेटीत घालून ठेवायला नव्हे.

भंडाऱ्याचा एक दुकानदार आंधळगावच्या बाजारात जुन्या सायकली घेऊन बसायचा. त्याच्याकडे दोन लेडीज सायकली होत्या. एक हिरवी, हलकी, ब्रेक धड असलेली. ती पाहताच माझा जीव तिच्यावर जडला. सासऱ्यांनी तिची घंटी वाजवून पाहिली आणि नाक मुरडलं.

"लय ओरडते. ओरडनारं जनावर कामाचं नसते."

दुसरी काळी, जाडजूड, बहुधा एखाद्या नर्सबाईने निवृत्त होईपर्यंत वापरलेली. तिच्या हँडलवरून हात फिरवून ते म्हणाले, "खांदा पाहा इचा." मग तिच्या मागच्या कॅरिअरवर शेजारच्या माणसाचं धानाचं पोतं ठेवून पाहिलं. मग दुकानदार "अहो काका, काका" म्हणेपर्यंत चाल पाहायची म्हणून तिला उतारावर सोडून दिलं. सायकल सरळ गेली. अगदी सरळ, आणि एका बाईच्या वांग्यांच्या ढिगात घुसली.

"खानारी हाये," सासरे खूष होऊन म्हणाले.

मी ब्रेककडे बोट दाखवलं. दोन्ही दाबले तरी चाक फिरतच होतं. सासऱ्यांना म्हटलं, "मामाजी, ही थांबत नाही."

"चालनाऱ्या जनावराले थांबवाले मानूस असते. ब्रेक कायले पाह्यजे?"

भाव करायला त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकून हात पुढे केला. बैलाचा भाव असाच होतो, कापडाखाली, बोटं दाबून, चार लोकांना कळू न देता. दुकानदार शहरातला. त्याला वाटलं, म्हातारा हात मिळवतो आहे. त्याने आदराने हात मिळवला. सासऱ्यांनी आत बोटं दाबली तसा तो घाबरून म्हणाला, "काका, तुम्ही म्हणाल ते." आपल्या पारखीचा हा दबदबा सासरे मरेपर्यंत सांगत होते.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई दारातच होत्या, तोंड फुगवून. सासऱ्यांनी नेहमीच्या सवयीने हाक दिली, "अवो, आनलं पाहा!" आणि त्याही नेहमीच्या सवयीने आत वळल्या, पाण्याचा लोटा घेऊन आल्या. नवं जनावर दारात आलं की घरच्या बाईने त्याच्या पायांवर पाणी घालायचं, कुंकू लावायचं. तीसेक वर्षं त्यांनी हेच केलं होतं. पुढच्या चाकावर पाणी घातलं, मागच्या चाकावर घातलं, हँडलला कुंकू लावलं. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की आपण सायकलीवर रुसलो आहोत. लोटा घेऊन त्या तरातरा आत गेल्या.

शिकवणीचं काय सांगू! सासरे कॅरिअर धरून मागे पळायचे आणि मला बैलाच्या भाषेत हाकायचे. जोरात जायचं तर "हर्र", थांबायचं तर "हो, हो!" थांबायचं कसं हे मात्र त्यांनाही माहीत नव्हतं. मी कधी उकिरड्यात थांबले, कधी बांधीच्या चिखलात, एकदा सरपंचांच्या ओट्यावर. गुडघे फुटले, कोपर सोललं. हळद लावताना सासूबाई एक शब्द बोलायच्या नाहीत, पण हळद अशी दाबून लावायच्या की बोललेलं बरं. सरळ रस्त्यावर मला जमायला लागलं होतं. चढणं आणि उतरणं, एवढंच काय ते राहिलं होतं. म्हणजे सगळंच.

बाजाराचा दिवस उजाडला. सकाळी अंगणात शेवटची परीक्षा झाली. मी चढले, दोन पायडल मारले आणि गोठ्याच्या खांबाला धडकले. कुणी हसलं नाही. तेच मला जास्त लागलं.

सासरे शब्दाचे पक्के. त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला, सायकल हातात धरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चूक माह्यी हाये. सायकलची पारख नाई जमली मले." बैलाच्या किंवा कशाच्याही बाबतीत त्यांनी असं कबूल केलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. मी आत जाऊन पेटीतून ऑर्डर काढली. आसवं गळत होती, ती मी पुसलीसुद्धा नाहीत. कागद आणून सासूबाईंसमोर धरला.

त्यांनी कागद घेतला नाही. त्या हँडलकडे बघत होत्या. एवढं पडूनझडूनही तिथे कुंकू थोडंसं शिल्लक होतं.

"कोठं नेऊन राहिले तिले?" त्यांनी सासऱ्यांना विचारलं.

"बाजारात. बोली तुह्यीच होती."

"पाय धुतलेलं जनावर कोनी वापस नेते का? इतकी बैलं आनली, येवढंबी कळत नाई तुमाले?"

सासरे दुपट्ट्याने तोंड पुसायला लागले. हसू लपवायची त्यांची ती जुनी रीत. सासूबाई माझ्यावर कडाडल्या, "आन तू रडतेस काहून? उद्या शाळेत जाय. नाई बसता येत त हातात धरून ने. वापस येताना तिलेबी भूक लागन, तुलेबी लागन. बसशीन मंग आपोआप."

दुसऱ्या दिवशी मी खरंच सायकल हातात धरून, सगळी वाट पायी शाळेत गेले. पोरांना वाटलं, बाईंची सायकल पंक्चर आहे. मी त्यांचा समज तसाच राहू दिला. परत येताना मात्र पाय उचलेनात. एका उंच बांधाच्या आधाराने मी चढले आणि पायडल मारत राहिले, कारण उतरायचं कसं हे माहीत नव्हतं. धानाच्या बांध्या दोन्हीकडून मागे जात होत्या. मी मोठ्याने हसत होते, एकटीच.

गावाच्या तोंडाशी सासूबाई उभ्या दिसल्या, हातात पाण्याचा लोटा. मी लांबूनच ओरडले, "बाजूला व्हा, थांबत नाही ही!" त्या हलल्या नाहीत. त्यांनी हात वर केला आणि बैलाला म्हणतात तसं खणखणीत म्हणाल्या, "हो! हो!" मी पाय टेकवून, जमिनीवर घासत घासत, त्यांच्या पुढ्यात थांबले.

सायकल मी एका हाताने थोडी पुढे केली, चाकं त्यांच्या समोर येतील अशी, आणि स्वतः बाजूला झाले. त्या खाली वाकल्या. पाणी त्यांनी माझ्या पायांवर घातलं.